सात नंबरची जोडी

दर वर्षी पहिल्या तासाला सुचेता मगदूम एकच गोष्ट सांगायची. इचलकरंजीच्या त्या कॉलेजात संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवून तिला बत्तीस वर्षं झाली होती. मुलांनी ती गोष्ट थोरल्या भावंडांकडून आधीच ऐकलेली असे, कुणी कुणी पुढचं वाक्य ओठातल्या ओठात म्हणतही असे. तरी वर्ग शांत बसायचा. एरवी तोलून-मापून बोलणाऱ्या मगदूम मॅडम ती गोष्ट सांगताना अठरा वर्षांच्या होतात, हे बघायलाच मुलं यायची.

गोष्ट २००४ सालची. याच कॉलेजात तेव्हा बारा संगणक होते आणि मुलं चोवीस. शिकवायला इनामदार सर. सरांनी एकेका संगणकापुढं दोन-दोन खुर्च्या मांडल्या आणि नियम घातला : एकाचे हात, दुसऱ्याचं डोकं. ज्याच्यापुढं कीबोर्ड त्यानं फक्त टाइप करायचं. दुसऱ्यानं पुढचा विचार करायचा, चूक हेरायची, तोंडानं काय वाटेल ते सांगायचं, पण हात मांडीवर. टेबलावर गजराचं एक घड्याळ होतं. दर पंधरा मिनिटांनी ते कोकललं की खुर्च्या बदलायच्या.

प्राचार्यांना वाटायचं, संगणक कमी आहेत म्हणून सरांनी हे सोंग काढलंय. सर म्हणायचे, "उद्या चोवीस मशीनं आली तरी मी दोघांनाच बसवणार. एकट्यानं केलेली चूक नुसती चूक असते. दोघांनी मिळून केली की तिच्यावर बोलणं होतं."

सुचेता सात नंबरच्या संगणकावर होती आणि तिची जोडीदार जबीन मोमीन. जबीनचे वडील यंत्रमागाचे जॉबर, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारे. कॉलेजच्या भिंतीपलीकडं मागांची खडखड दिवसभर चालू असे, आणि जबीन तीच भाषा वर्गात घेऊन यायची. पडद्यावर तारकांचा त्रिकोण काढायचा होता : पहिल्या ओळीत एक तारका, दुसरीत दोन, तिसरीत तीन. एका फेऱ्याच्या, म्हणजे लूपच्या, पोटात दुसरा फेरा कसा फिरतो, हे चोवीसांतल्या तेवीसांच्या डोक्यावरून गेलं. जबीननं वहीच्या मागच्या पानावर रेघा मारल्या. "माग बघितलायस ना? धोटा या टोकाचा त्या टोकाला गेला, आडवा धागा एक झाला. मगच कापड एक बोट पुढं सरकतं. आतला फेरा म्हणजे धोटा, बाहेरचा म्हणजे सरकणारं कापड. लिही."

सुचेतानं लिहिलं. निळ्या पडद्यावर पांढऱ्या तारकांचा त्रिकोण उमटला आणि दोघी इतक्या जोरात ओरडल्या, की शेजारच्या वर्गातनं शिपाई बघायला आला. "सबंध वर्षभर आमची जोडी वर्गात पहिली होती," असं म्हणून सुचेता गोष्ट संपवायची. एखादं पोर विचारायचंच, "मग जबीन मॅडम आता कुठं असतात?" त्यावर ती म्हणायची, "लग्न झालं तिचं," आणि फळ्याकडं वळायची.

२०४० च्या आसपासच्या मुलांना या गोष्टीत परीकथेइतकंच तथ्य वाटत असे. प्रोग्रॅम लिहायचं काम कधीच यंत्रांकडं गेलं होतं. तरी कॅल्क्युलेटर आले म्हणून पाढे सुटले नाहीत, तसं पहिल्या वर्षाला हातानं प्रोग्रॅम लिहायचा, असा विद्यापीठाचा दंडक टिकून होता. फक्त शेजारच्या खुर्चीत आता माणूस नव्हता. प्रत्येकाला 'सोबती' नावाचा यांत्रिक जोडीदार मिळायचा. सोबतीला सगळं येत होतं. मुलाचं बोट कुठल्या कळीवर अडखळतंय, नजर कुठं थांबली आहे, यावरून त्याला काय अडलंय हे तो मुलाच्या आधी ओळखायचा आणि गोड आवाजात सुचवायचा. निकाल शंभर टक्के लागू लागले. सगळे खूश.

मग एका वर्षी एका कंपनीनं नव्या मुलांना दोघा-दोघांत बसवून एक कोडं दिलं आणि काय पाहिलं? मुलं एकमेकांच्या तोंडाकडं बघत गप्प बसली होती. आपल्याला काय कळलं नाही, हेच त्यांना सांगता येईना. सांगायची वेळच कधी आली नव्हती. मूल अडायच्या आधीच सोबती त्याला उचलून पलीकडं ठेवायचा.

पुण्याच्या एका संशोधन संस्थेत सान्वी लोंढे नावाची तिशीची शास्त्रज्ञ होती. तिनं म्हटलं, शिकणाऱ्याला शहाणा जोडीदार नकोच, त्याच्याइतकाच अडाणी हवा. आता अडाणी यंत्र बनवणं फार अवघड. सगळं वाचून बसलेल्या यंत्राला 'येत नाही असं दाखव' म्हटलं, तर ते पोरांशी पत्ते खेळताना मुद्दाम हरणाऱ्या काकांसारखं वागतं. पोरांना ते लगेच कळतं. म्हणून सान्वीनं यंत्र शून्यापासून वाढवलं. पहिल्या वर्षाच्या मुलाला येतं तेवढंच त्याला शिकवलं, जास्त काही नाही. पण न येणारी माणसं आपसांत बोलतात कशी, चाचपडतात कशी, हे त्याला कशावरून शिकवायचं? त्यासाठी खऱ्या नवख्यांच्या बोलण्याची रेकॉर्डिंग्ज हवी होती, आणि तीही यंत्रं मदतीला येण्यापूर्वीची.

तशी रेकॉर्डिंग्ज सापडली जयसिंगपुरात, इनामदार सरांच्या घरी. सर पीएच.डी.साठी प्रत्येक जोडीच्या मधोमध टेपरेकॉर्डर ठेवायचे. पीएच.डी. शेवटपर्यंत झाली नाही, सरही गेले. कॅसेट मात्र पत्र्याच्या ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांत सुखरूप होत्या. सोबत मुलांची संमतिपत्रंसुद्धा. त्या कॅसेटमधून 'नवखी' जन्माला आली. आवाज नवा, पण अडायची, विचारायची, चुकायची तऱ्हा त्या चोवीस मुलांची.

पहिल्या वर्षी दोनशे कॉलेजांत नवखी आली आणि पहिला मान इचलकरंजीला मिळाला. सुचेताला निवृत्त व्हायला दोन वर्षं उरली होती. तिला वाटलं, आपली गोष्ट आता आपण गेल्यावरही कुणीतरी सांगत राहील.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ती प्रयोगशाळेतून फिरत होती. हुपरीची प्रांजल नावाची मुलगी नवखीबरोबर बसली होती. नवखी टाइप करत होती, म्हणजे पडद्यावर अक्षरं उमटत होती, आणि प्रांजल सांगत होती. मध्येच नवखीनं विचारलं, "थांब, हा फेरा संपल्यावर मोजणी पुन्हा एकपासून का सुरू होते? तशीच पुढं का नाही जात?" सुचेता जागच्या जागी हसली. हा प्रश्न जबीनचाच. उत्तर शोधताना प्रांजलला स्वतःलाच ते नीट समजलं, हेही तिनं पाहिलं.

तेवढ्यात गजर झाला. आता कीबोर्ड प्रांजलकडं यायचा.

"तू सांग ना," नवखी गोडीत म्हणाली. "मी लिहिते. वेळ जातोय गं."

प्रांजलनं पुढं केलेला हात मागं घेतला. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिनं सांगायला सुरुवात केली.

सुचेता मात्र त्या खुर्चीमागंच थांबली. ते वाक्य तिला ओळखीचं वाटलं, पण कुणाचं, ते आठवेना. की आठवायचंच नव्हतं?

आठ दिवसांनी सान्वीचा फोन आला. पडद्यावर ती दमलेली दिसत होती.

"मॅडम, नवखीत एक खोट निघाली आहे. गजर झाला की ती कीबोर्ड सोडत नाही. भांडत नाही, गोड बोलून ठेवून घेते. सगळ्या कॉलेजांत हेच. ज्यांना आधीपासून टाइप करायचा धीर नव्हता ती मुलं पार मागं पडली. आम्ही ते कुठून आलं ते शोधलं. सात नंबरच्या जोडीतून आलंय."

सुचेतानं समोरची हजेरीची वही मिटून ठेवली.

"त्या दोघी सगळ्यात जास्त बोलायच्या, म्हणून यंत्रानं त्यांच्याकडूनच सगळ्यात जास्त उचललं. सात नंबर काढून टाकला तर खोट जाते. पण नवखीचे निम्मे प्रश्नही जातात. करून पाहिलं आम्ही. ठोंब्यासारखी बसून राहते."

"एकीचं ठेवून दुसरीचं काढता येत नाही?"

"नाही ना. एकीचं वाक्य दुसरीच्या वाक्याला अडकलेलं आहे. यंत्र माणूस शिकलेलं नाही, जोडी शिकलंय. एकच मार्ग दिसतो. त्याच दोघींनी पुन्हा बसायचं, नियमानं कीबोर्ड बदलत काम करायचं, आणि आम्ही ते नव्यानं शिकवायचं. परक्यांचं रेकॉर्डिंग वरवर बसतं, मुरत नाही. जूनच्या आत झालं तर ठीक. नाहीतर सात नंबर पुसावा लागेल." तिनं समोरच्या यादीत पाहिलं. "मॅडम, त्यातली एक सुचेता तुम्हीच ना? दुसऱ्या बाईंचा पत्ता आहे तुमच्याकडं?"

पत्ता नव्हता. गाव तेच, अंतर रिक्षाचं, आणि चाळीस वर्षांत सुचेतानं तो कुणाला विचारलाही नव्हता.

"मला ते रेकॉर्डिंग पाठव," ती म्हणाली. "आधी मी ऐकते."

रविवारी दुपारी घरी तिनं ते लावलं. आधी पंख्याची करकर, मग भिंतीपलीकडची मागांची खडखड. सरांच्या चपला. तिचे डोळे भरून आले. मग अठरा वर्षांची सुचेता बोलायला लागली, भसाभसा, हसत. जबीनचा आवाज जाड आणि संथ. इचलकरंजीच्या मुली आपसांत 'मी करतो, मी येतो' असंच बोलतात, पुण्याच्या माणसांनी कितीही भुवया उंचावल्या तरी. दोघींचं ते बोलणं ऐकून सुचेता खुदकन हसली.

गजर झाला. खुर्च्या सरकल्या. आणि लगेच आणखी एक आवाज आला, सनमायक्यावरून काहीतरी खरवडत ओढल्याचा. तिनं ते मागं नेऊन पुन्हा ऐकलं. पुढच्या गजराला पुन्हा तेच : खुर्च्या, आणि मागोमाग खरवड.

कीबोर्डची तार. सात नंबरची तार लांब होती. खुर्च्या बदलायचा नियम होता, म्हणून त्या खुर्च्या बदलत; आणि सुचेता कीबोर्ड आपल्याबरोबर ओढून नेई. ती उन्हाळ्याच्या सुट्टीत टायपिंगच्या क्लासला जाऊन आली होती, तिची बोटं भराभर चालायची. सर लांबून बघायचे : पोरी जागा बदलताहेत, छान. दोघींनी मिळून सरांना फसवलं, अशी एक गंमत तिच्या आठवणीत होती. गोष्टीत मात्र ती कधी सांगितली नव्हती.

आता तिला ऐकू येत होतं, की गंमत दोघींची नव्हती.

"सुचे, आज मला दे ना."

"वेळ जातोय गं. तू सांग, मी करतो."

दुसऱ्या दिवशीच्या कॅसेटमध्ये : "एकदा तरी दे की. बोटं बसायला नकोत का?"

"परीक्षेला अजून लई वेळ आहे. सांग, पुढं काय लिहू?"

आणि एकदा, हळूच : "बरं, तो महिरपी कंस कुठं असतो तेवढं तरी दाखवून ठेव."

"तुला काय करायचाय? मी हाय की."

आवाजात तुसडेपणा नव्हता. तीच गोष्ट जास्त लागली. माया होती त्या आवाजात, अगदी धाकटीला भरवावं तशी. नवखीही असंच गोड बोलते.

परीक्षा एकेकट्यानं द्यायची होती. पत्त्यातल्या चौकटसारखा तारकांचा आकार, म्हणजे वर निमुळता, मध्ये रुंद, खाली पुन्हा निमुळता. सुचेताला जबीनचा धोटा आठवला आणि तिनं अर्ध्या तासात लिहून टाकलं. बाहेर पडताना तिनं पाहिलं, जबीनच्या कागदावर उत्तर बरोबर काढलेलं होतं आणि पडद्यावर दोनच ओळी होत्या. ती वाकून कीबोर्डवर काहीतरी शोधत होती. महिरपी कंस. तो शिफ्टची कळ दाबल्याशिवाय उमटत नाही, हे वर्षभर पहिल्या आलेल्या जोडीतल्या एकीला कुणी सांगितलंच नव्हतं. कॉलेजच्या नियमात प्रात्यक्षिकात नापास म्हणजे वर्ष गेलं. जबीन पुन्हा आली नाही. सुचेता एकदा तिच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत गेली होती आणि तिथनंच परत फिरली होती.

बत्तीस वर्षं ती गोष्ट सांगत होती, आणि गोष्टीतली खरी गोष्ट तेवढी गाळत होती. सुचेताला स्वतःची लाज वाटली, अगदी रडू येईपर्यंत.

विक्रमनगरात विचारत विचारत ती पोचली. मोठी शेडवजा खोली होती, 'मोमीन वहिफणी' असा फलक. मागावर चढवायच्या बीमचा, म्हणजे सूत गुंडाळलेल्या रुळाचा, एकेक उभा धागा बारीक तारांच्या डोळ्यांतून आणि फणीच्या दातांतून ओवायचा, ते हे काम. आता बहुतेक ठिकाणी ते यंत्र करतं, पण नक्षीचं कापड असलं की अजून हातच लागतात. मधे धाग्यांचा पडदा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मुलगी. मागची धागा निवडून पुढं करत होती, पुढची बारीक आकड्यानं तो ओढून घेत होती.

कोपऱ्यात टेबलापाशी चष्मा लावून जबीन बसली होती. केस पांढरे, खांदे तेच रुंद. तिनं वर पाहिलं.

"सुचेता," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली. "बस की. उभी का?"

चहा आला. मुलाबाळांची विचारपूस झाली. सुचेताला सुरुवात सापडेना. तेवढ्यात टेबलावरचं एक घड्याळ कर्कश वाजलं. धाग्यांच्या पडद्यामागची मुलगी उठून पुढं आली, पुढची मागं गेली आणि जाताना आकडा तिच्या हातात देऊन गेली.

सुचेता बघतच राहिली.

"दर तासाला," जबीन म्हणाली. "धागा देणारीला सगळं डिझाइन कळतं, ओढणारीला नुसता आकडा दिसतो. एकीलाच एका जागी ठेवलं तर दुसरी कायम हमाल. इनामदार सरांचा नियम, दुसरं काय? तुझ्या वर्गात बदलतात ना?"

आता मात्र सुचेतानं सगळं सांगितलं. नवखी, तिचे प्रश्न, तिची खोट, कॅसेट. कीबोर्ड ओढल्याचा तो आवाज. "तू मागत होतीस, जबीन. मी विसरले होते. खरंच विसरले होते."

"मी नव्हते विसरले," जबीन म्हणाली.

तिनं बशी बाजूला सारली.

"राग तुझा नाही आला कधी. स्वतःचाच आला. वाटायचं, सगळ्यांना येतं, आपल्यालाच कसं येईना? कॉम्प्युटर आपल्या डोक्याचं काम नव्हे, असं मनात बसलं ते बसलंच. माझी पोरगी बारावीनंतर म्हणाली, अम्मी, मी कॉम्प्युटर घेतो. मी म्हटलं, आपल्या घरात ते डोकं नाही बेटा. बी.कॉम. झाली. बरं चाललंय तिचं. पण मी म्हटलं होतं की नाही तसं?"

सुचेतानं कप खाली ठेवला. "जबीन, डोकं तुझंच होतं. परीक्षेत मी लिहिलं ते तुझं होतं. बत्तीस वर्षं मी फेरा शिकवते तो तुझा धोटा घेऊन शिकवते. आज दोनशे कॉलेजांतली मुलं त्या यंत्राच्या तोंडून तुझे प्रश्न ऐकतात. माझ्याकडं नुसती बोटं होती."

जबीननं चष्मा काढून पदरानं पुसला. पुसायला जरा जास्तच वेळ लावला.

"मग त्या यंत्रातनं तुझं काढा आणि माझं ठेवा," ती म्हणाली.

"तसं होत नाही म्हणतात."

"कसं होईल? उभा धागा काढल्यावर आडवा कशावर राहणार?" आणि ती हसली, चाळीस वर्षांपूर्वीसारखं, खांदे हलवत. मग एकदम गंभीर झाली. "नाही आले तर काय करणार?"

"सात नंबर पुसतील. आपल्या दोघींचं सगळं."

"पुसू देत की. माझं काय जातंय?"

"तुझं काही नाही जात," सुचेता म्हणाली. "हुपरीची एक पोर आहे माझ्या वर्गात. गजर झाला की हात पुढं करते आणि मागं घेते. तिला कीबोर्डही मिळायला पाहिजे आणि तुझे प्रश्नही. मला एकटीला नाही देता येत ते."

पडद्यामागची मुलगी म्हणाली, "आपा, निळा संपला." जबीन उठली, तिला निळ्या सुताचं बंडल काढून दिलं, आणि तिथूनच, पाठमोरी, म्हणाली, "येतो. पण कीबोर्ड पहिला माझ्याकडं."

एप्रिलमधल्या एका सकाळी सान्वीनं प्रयोगशाळेत सगळी तयारी केली. जुना तारेचा कीबोर्ड तिनं कुठून तरी पैदा केला होता. इनामदार सरांचं घड्याळ त्यांच्या मुलानं पाठवलं होतं. दोन खुर्च्या, एक पडदा. काम तेच, २००४ च्या परीक्षेतला तारकांचा तो आकार.

जबीन कीबोर्डपुढं बसली. सुचेतानं हात मांडीवर ठेवले.

पहिली ओळ लिहायला जबीनला चार मिनिटं लागली. एक बोट, मग थांबणं, मग पुन्हा एक बोट. सुचेताचे हात आपोआप उचलले गेले. तिनं बोटांत बोटं अडकवून ते पुन्हा मांडीवर दाबून धरले. इतकं अवघड काम तिनं आयुष्यात केलं नव्हतं. वेळ जात होता. जाऊ दे, ती मनात म्हणाली, जाऊ दे ना.

दुसरी ओळ झाली. जबीन थांबली. तिची नजर कीबोर्डवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरू लागली. परत फिरली. कपाळावर घाम आला. अठ्ठावन्न वर्षांची, बारा पोरींना काम देणारी बाई, आणि चेहरा त्या परीक्षेच्या दिवशीचा.

सुचेताचं बोट पुढं जायला तडफडत होतं. बोट नाही पुढं करायचं. तोंडानं काय वाटेल ते सांगायचं.

"जबीन," ती म्हणाली, आणि आवाज फुटला. "शिफ्ट दाबून धर. डावीकडं, खालून दुसरी. आता उजव्या हातानं, 'पी'च्या शेजारची."

जबीननं दाबलं. पडद्यावर महिरपी कंस उमटला.

ती त्याच्याकडं बघत राहिली. "एवढंच होय?" ती हळूच म्हणाली. "एवढंच होतं?"

"एवढंच होतं गं."

आणि गजर कोकलला. जबीनला आत्ता कुठं सूर सापडत होता. सुचेता घाईघाईनं म्हणाली, "राहू दे, राहू दे, तूच कर. तुझे चाळीस वर्षांचे गजर बाकी आहेत माझ्याकडं."

जबीन उठली होती. तिनं खुर्ची सरकवली, कीबोर्ड होता तिथंच ठेवला आणि सुचेताला दंडाला धरून त्याच्यापुढं बसवलं.

"गजर झाला," ती म्हणाली. "घे. आता मी सांगतो."

जूनमध्ये नवी मुलं आली. पहिल्या तासाला सुचेतानं गोष्ट सांगितली. या वेळी तारेसकट सांगितली, शेवटपर्यंत. वर्गात कुणीच पुढचं वाक्य ओठातल्या ओठात म्हणालं नाही, कारण ते कुणाला ठाऊकच नव्हतं.

मग ती प्रयोगशाळेत गेली. शेवटच्या रांगेत एक बुजरं पोरगं नवखीजवळ बसलं होतं. गजर झाला. पोराचा हात अर्धवट पुढं आला आणि घुटमळला. "तूच कर की," ते नवखीला म्हणालं. "मला कंस कुठं असतो तेपण माहीत नाही."

सुचेता श्वास रोखून उभी राहिली.

"गजर झाला," नवखी म्हणाली. "घे. शिफ्ट दाबून धर, मी सांगते."